सदका-ए-जारिया: बोअर मारायचा की पाणी मुरवायचे?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने आणि सोलापूर जिल्ह्याने जे पाहिले, ते सहजासहजी विसरता येणार नाही. सीना, सिंदफणा, मांजरा पात्र सोडून शेतात शिरल्या. काढणीला आलेले सोयाबीन कुजले, दावणीची जनावरे वाहून गेली, घराघरांत गाळ भरला. पण खरा धक्का पाणी ओसरल्यानंतर बसला. अनेक शेतकरी बांधावर जाऊन उभे राहिले तेव्हा पीक नव्हते, आणि शेतही नव्हते. वरची काळी माती निघून गेली होती. खाली उरला होता मुरूम, दगड आणि घळी.

सरकारी कागदावर याला ‘खरडून गेलेली जमीन’ म्हणतात. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे, अशी तरतूद होती. मदत किती जणांपर्यंत पोहोचली, पंचनामे कसे झाले, यावर भरपूर वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण एक प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. पीक गेले तर पुढच्या हंगामात परत येते. माती गेली तर?

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते, की दोन-तीन सेंटिमीटर माती तयार व्हायला एक हजार वर्षांपर्यंतचा काळ लागू शकतो. म्हणजे मलिक अंबरच्याही कितीतरी आधीपासून जी माती बनत होती, ती एका रात्रीत नदीला मिळाली.

आता याच भागाचे दुसरे चित्र आठवा. एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत ५० हजार लिटर पाणी. त्या काळात नळाला पाणी येणे ही लातूरकरांसाठी बातमी होती. बायाबापड्या रात्र-रात्र घागरी घेऊन रांगेत असायच्या.

एका वर्षी रेल्वेने पाणी आणावे लागते, दुसऱ्या वर्षी पाण्यातून माणसे बोटीने काढावी लागतात. जिल्हे तेच, नद्या त्याच. आपल्याला वाटते ही दोन वेगवेगळी संकटे आहेत. आमच्या मते आजार एकच आहे. जमिनीची पाणी धरून ठेवण्याची ताकद आपण घालवून बसलो आहोत.

माती हीच पहिली टाकी

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसॉल्ट या काळ्या कठीण खडकावर वसलेला आहे. गंगेच्या खोऱ्यासारखा वाळूचा जाड थर आपल्याकडे नाही. पाणी राहते ते वरच्या मातीत, तिच्याखालच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये. ही तिजोरी मुळातच लहान आहे. तिचे दार म्हणजे माती. मातीत शेणखत, पालापाचोळा, मुळे, गांडुळे असतील तर ती स्पंजसारखी पाणी पिते. ती उघडी, घट्ट आणि कुपोषित असेल, तर पावसाचा थेंब आदळतो, मातीचे कण सुटतात, बारीक कणांनी छिद्रे बुजतात आणि पाणी वरच्या वर पळते. पळताना ते माती सोबत घेऊन जाते. पाणी आणि माती दोन्ही एकाच वेळी हातातून जातात.

देशपातळीवर १९८३ साली शास्त्रज्ञांनी जो अंदाज मांडला, तो आजही सांगितला जातो. भारतात दरवर्षी सुमारे ५३० कोटी टन माती जागा सोडते. त्यातली साधारण २९ टक्के कायमची समुद्रात जाते आणि १० टक्के धरणांत साचते. म्हणजे शेताची सुपीकता कमी होते आणि धरणाची पोटेही भरत जातात. एकाच चुकीची शिक्षा दोन ठिकाणी मिळते.

म्हणूनच पाणलोटाचे काम करणारी जुनी माणसे सांगतात, की पळत्या पाण्याला आधी चालायला लावा, चालत्याला थांबवा आणि थांबलेल्याला मुरवा. कामाचा क्रमही ठरलेला आहे, माथ्याकडून पायथ्याकडे. आधी डोंगरउतारावर समतल चर, गवत आणि झाडे. मग शेतात बांधबंदिस्ती. मग ओघळीत दगडी बांध. सर्वात शेवटी नाल्यावरचा मोठा बंधारा. वरचे काम न करता थेट नाल्यात बंधारा बांधला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

खरडलेल्या जमिनीच्या बाबतीत हेच विसरले जाण्याची भीती आहे. तलावातला गाळ आणून शेतात टाकणे हा चांगला उपाय आहे. सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आहे. पण वरच्या टेकडीवर काहीच काम झाले नाही आणि शेताला बांध नसेल, तर लाखो रुपयांची ती माती पुढच्या अतिवृष्टीत पुन्हा नदीत जाईल. आधी पाण्याची वाट बांधा, मग माती टाका.

चर खोदले, हिशेब राहिला

महाराष्ट्राला हे ज्ञान नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात लाखो मजुरांनी दुष्काळी कामांवर पाझर तलाव, नालाबांध, रस्ते उभे केले. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ‘जलयुक्त शिवार’ अभियान सुरू झाले. दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करायची, असे ठरले. गावोगाव पोकलेन आणि जेसीबी फिरले, नाले रुंद आणि खोल झाले, फोटो छापून आले.

पुढे २०२० मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा अहवाल विधिमंडळात आला. ९,६०० कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तपासलेल्या १२० गावांपैकी ८३ गावांत तयार झालेला पाणीसाठा गावाच्या पिण्याच्या आणि शेतीच्या गरजेला पुरेसा नव्हता. अहवालावर राजकारण झाले. सरकारे बदलली, चौकशी लागली, योजना बंद झाली आणि २०२३ मध्ये ‘२.०’ म्हणून परत आली.

आम्हाला या भांडणात पडायचे नाही. काही गावांना फायदा झाला हेही खरे आहे. पण धडा स्पष्ट आहे. पाणी अडवणे हे अर्धेच काम आहे. अडवलेले पाणी कोण वापरणार, किती वापरणार आणि बंधाऱ्याची डागडुजी कोण करणार, हे उरलेले अर्धे. यंत्र पहिले काम करते. दुसरे काम माणसांनाच एकत्र बसून करावे लागते.

नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव सगळ्यांनी ऐकले आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले. गावाने डोंगरावर चर खोदले, झाडे लावली, हे सर्वांना माहीत आहे. पण त्या गावाने आणखी काही केले. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस लावायचा नाही आणि दरवर्षी झालेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून मगच कुठले पीक घ्यायचे ते ठरवायचे. जालना जिल्ह्यातील कडवंचीनेही १९९६ पासून माथ्यापासून पायथ्यापर्यंत नेटाने काम केले आणि तिथली द्राक्षे आज नावाजली जातात. दोन्ही भाग कमी पावसाचे आहेत. ढगांनी तिथे काही वेगळी मेहेरबानी केली नाही.

याउलट अनेक गावांत नाल्यात पाणी दिसले की पहिला विचार येतो उसाचा. राज्यात लागवडीखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आसपास जमिनीवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी पितो, असे सरकारी अभ्यासांतूनच वारंवार सांगितले गेले आहे. शेततळ्यांचेही तसेच झाले. शेततळे पावसाचे वाहते पाणी साठवायला होते. अनेकांनी प्लास्टिक अंथरून त्यात बोअरचे पाणी भरले. जमिनीखाली सावलीत असलेले सर्वांचे पाणी वर काढून उन्हात ठेवले आणि ते एकाच्या मालकीचे झाले.

वरच्याचा हक्क, खालच्याचा हक्क

इथे आपल्याला मदीनेतली एक गोष्ट आठवायला हवी. महजूर नावाच्या ओढ्याचे पाणी शेतांना मिळायचे. वरच्या शेताचा मालक आणि खालच्या शेताचा मालक यांच्यात हक्क कुणाचा, असा प्रश्न होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जो निवाडा दिला तो अबू दाऊदच्या हदीस संग्रहात आला आहे. वरच्याने घोट्यापर्यंत पाणी येईपर्यंत अडवावे, मग ते खालच्यासाठी सोडावे.

या निवाड्यात किती गोष्टी सामावल्या आहेत ते पाहा. पाणी अडवायला मनाई नाही. वरच्याचा पहिला हक्क मान्य आहे. पण त्या हक्काला माप आहे, आणि ते माप पिकाच्या गरजेचे आहे, मालकाच्या हव्यासाचे नाही. पाणलोट क्षेत्राचे सगळे शास्त्र आणि सगळा इन्साफ यात आला.

आज गोदावरीच्या खोऱ्यात हाच वाद चालू आहे. वर नाशिक-नगरची धरणे, खाली पैठणचे जायकवाडी. राज्याचा २००५ चा कायदा खोऱ्यात पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे असे सांगतो. त्यानुसार जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडायचे, असे सूत्र मेंढेगिरी समितीने घालून दिले. तरीही २०२३ मध्ये ८.६ टीएमसी पाणी सोडण्याच्या आदेशासाठी आंदोलने झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वरच्याला वाटते पाणी आपले आहे, खालच्याला वाटते आपल्याला लुटले. घोट्याचे माप कुणालाच मान्य नाही.

पण फक्त नाशिक-नगरकरांकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या गल्लीतही एक वरचा आणि एक खालचा असतो. तो आता डोंगर-दरीत नसतो, तो बोअरच्या खोलीत असतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो ७०० फुटांपर्यंत जातो. ज्याची ५० फुटांची विहीर आहे ती कोरडी पडते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरींना मनाई केली आहे. बोअरच्या गाड्या रात्रभर गावोगाव धडधडत असतात, त्यांना तो कायदा माहीत असल्याचे दिसत नाही.

आपल्या सदक्याचा हिशेब

आता थोडे कडू बोलू या. ते आम्हाला स्वतःलाही लागू आहे.

पाणी पाजणे हा मोठा सवाब आहे, यात शंका नाही. म्हणूनच रमजान आला किंवा घरातले कुणी बुजुर्ग अल्लाहला प्यारे झाले, की आपल्याकडे मरहूमच्या इसाल-ए-सवाबसाठी बोअर मारून देण्याची पद्धत पडली आहे. नियत नेक असते. तहानलेल्या वस्तीला पाणी मिळते, त्याची दुआ मिळते. पण पुढे काय होते?

आमच्या ओळखीच्या एका मशिदीचे उदाहरण घ्या. पहिला बोअर १८० फुटांवर लागला. वजूखाना, शौचालय, शेजारची दहा घरे, सगळे त्यावर भागायचे. काही वर्षांत तो आटला. एका दात्याने दुसरा दिला, ४०० फूट. तोही उन्हाळ्यात उचक्या देऊ लागला. तिसरा ७०० फुटांवर गेला आणि त्याच उन्हाळ्यात समोरच्या गल्लीतले दोन घरगुती बोअर बंद पडले. त्यातली एक खाला मशिदीच्या नळावर घागर भरायला येते. ती एकदा म्हणाली, “बेटा, पानी तो मिल रहा है, लेकिन पहले हमारे घर में था.”

या वाक्याने आम्हाला झोप लागली नाही. एकाच्या घरचे पाणी ओढून त्यालाच सदका म्हणून वाटत असू, तर हिशेब तपासायलाच हवा. सदका-ए-जारिया म्हणजे चालू राहणारे पुण्य. बोअर मारल्याने जमिनीखाली एक थेंबही वाढत नाही. खात्यात भरणा न करता काढण्यासाठी आणखी एक पासबुक उघडावे, तसे ते आहे.

हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर खरेदी करून वक्फ केली, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. नीट पाहा, त्यांनी नवीन विहीर खोदली नव्हती. जी विहीर होती, जिचे पाणी पैसे देऊन मिळत होते, ती सर्वांसाठी खुली केली. पाण्यावरची मक्तेदारी काढली, हे त्या सदक्याचे सार होते. कुरआनच्या सूरह अल-मोमिनूनमध्ये (आयत १८) अल्लाहने आकाशातून ठरावीक मापाने पाणी उतरवून ते जमिनीत ठेवल्याचा, आणि ते नेण्यासही तो समर्थ असल्याचा उल्लेख आहे. भूजल ही ठेव आहे, अमानत आहे. अमानतीतून वापर करता येतो, पण ती रिकामी करून पुढच्या पिढीच्या हाती देता येत नाही.

अंबरची नहर काय सांगते

आपल्या मराठवाड्यातच याचा एक जिवंत धडा आहे. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर वसवले. खडकाळ, पाण्याची वानवा असलेली जागा. त्याने १६१७-१८ च्या सुमारास नहर-ए-अंबरी बांधली. हर्सूल-सावंगीकडच्या डोंगरपायथ्याला जमिनीत झिरपणारे पाणी गोळा करायचे आणि निव्वळ उताराच्या जोरावर, जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणायचे. मध्ये ठिकठिकाणी दाब सांभाळणारे बंबे. ना पंप, ना वीज. पाणी झाकलेले, म्हणून ना वाफ, ना घाण.

या योजनेचे मर्म असे, की नहर तेवढेच पाणी देते जेवढे डोंगर देतो. पायथ्याला मुरले नाही तर शहराला मिळणार नाही. त्यामुळे डोंगर सांभाळणे आणि शहराची तहान भागवणे ही एकच गोष्ट होती. याच अंबरने जमिनीची सुपीकतेनुसार प्रतवारी करून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरवण्याची पद्धत बसवली. माती समजून घ्यायची आणि मग मागायचे. नंतर पाणचक्कीच्या नहरीने बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात चक्की फिरवली आणि फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळले.

आज या नहरींचा मोठा भाग बांधकामांखाली दबला आहे, फुटला आहे. आपण पाणचक्कीला जातो, फोटो काढतो आणि परत येताना वीस लिटरचा जार विकत घेतो. वारसा फक्त नामांतराच्या वादात आठवायचा नसतो. तो वापरायचाही असतो.

मग करायचे काय?

सरकारकडे मागण्या कराव्यात, त्यासाठी ग्रामसभेत जाऊन बसावे. पण सुरुवात आपल्या हातात असलेल्या जागांपासून करता येते.

पहिली जागा मशीद. दोन हजार चौरस फुटांचा स्लॅब असेल आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर गळती-बाष्पीभवन वजा जाता सुमारे एक लाख लिटर पाणी छतावर पडते. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. ते आज गटारात जाते. पाइपने खाली आणा, पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्या, नंतरचे खडी, वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून आटलेल्या बोअरच्या किंवा विहिरीच्या पुनर्भरणाला द्या. वजूचे पाणी मात्र थेट बोअरमध्ये सोडू नये. ते शोषखड्ड्यात किंवा झाडांना जाऊ द्या.

दुसरी गोष्ट वजूची. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये येते. ते लिटरभरही भरत नाही. वाहत्या नदीकाठी बसूनही वजूत पाणी वाया घालवू नये, अशी त्यांची ताकीद होती. आपण नळ पूर्ण सोडून गप्पा मारत बसतो. पाच वेळच्या नमाजला मिळून २०० वजू होत असतील आणि प्रत्येकाने तीन लिटर वाचवले, तर दिवसाला ६०० लिटर वाचतात. बारीक धारेचे नळ बसवायला फार खर्च येत नाही. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी दोन मिनिटे यावर बोलावे.

तिसरी जागा शेत. आपल्यातले बहुतेक शेतकरी लहान आहेत, दोन-तीन एकरवाले. त्यांना मोठी यंत्रे नकोत. उताराला आडवी नांगरट आणि पेरणी, रुंद वरंबा-सरी, बांधावर गवत, काडीकचरा न जाळता त्याचे आच्छादन, आणि जमेल तितके शेणखत. यातले काहीही नवीन नाही. मातीत जीव आला की तीच पाणी धरते आणि अतिवृष्टीत तीच जागेवर टिकते.

चौथी जागा वक्फच्या आणि कब्रस्तानच्या जमिनी. जिथे जागा मोकळी आहे, तिथे कब्रींना धक्का न लावता कडेने चर, देशी झाडे आणि पाण्याचा उतार पाहून शोषखड्डे करता येतात. जुन्या बारव-विहिरी असतील तर त्यांतला कचरा काढणे हे नवीन बोअरपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ काम आहे. आणि झाड लावणाऱ्याला त्यातून पक्षी, जनावर किंवा माणूस खाईल त्याचा सवाब मिळतो, हे आपण जाणतोच.

पाचवी गोष्ट आपल्या देणग्यांची. मरहूम वालिदैनच्या नावाने जो बोअर द्यायचा विचार असेल, तो जरूर द्या, पण एका अटीवर. त्याच्या शेजारी पुनर्भरणाचा खड्डा हवा आणि त्याच्या देखभालीसाठी थोडी रक्कम बाजूला हवी. त्याहून चांगले म्हणजे, जिथे आधीच तीन बोअर आहेत तिथे चौथा नको. तेच पैसे वस्तीच्या वरच्या अंगाला पाणी मुरवण्यासाठी द्या. त्यावर नावाची पाटी लागणार नाही, उद्घाटनाला फीत कापता येणार नाही. पण समोरच्या गल्लीतल्या खालाच्या घरातला बोअर पुन्हा बोलू लागेल. तो सदका खरा जारी राहील.

पुढचा पाऊस येईल तेव्हा तो जास्तही असेल किंवा कमीही, ते आपल्या हातात नाही. त्याच्यासाठी जमीन तयार ठेवणे आपल्या हातात आहे. अल्लाह आपल्याला ही अमानत ओळखण्याची आणि सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.